आधी तारीख, मग शटर

पक्ष्यांच्या फोटोसाठी कॅमेऱ्यात कोणतं सेटिंग ठेवू, असं कुणी विचारलं की मी आधी कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ बघतो. विचारणाऱ्याचा जरा हिरमोड होतो. त्याला शटर स्पीड, आयएसओ असलं काहीतरी ऐकायचं असतं. पण आमच्या शेलूबाजार, मंगरूळपीर, कारंजा भागात हौशी माणसाच्या हातात येणारा कॅमेरा बहुधा जुना, दुसऱ्याने वापरलेला असतो. लग्नाचे फोटो काढणारा नवा घेतो आणि जुना विकून टाकतो. मधल्या काळात तो बॅटरीविना कपाटात पडून राहतो आणि त्याचं घड्याळ कंपनीच्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. मग जानेवारीत तलावावर टिपलेलं बदक कॅमेऱ्याच्या हिशेबात भलत्याच वर्षाच्या भलत्याच महिन्यात पोहत असतं. हिवाळी पाहुणा आला कधी आणि गेला कधी, हेच तर त्या फोटोतून कळायला हवं होतं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली तर उर्दूही. हजेरीपटावर तारीख नसेल तर त्याला काही किंमत नसते, हे अंगवळणी पडलेलं आहे. फोटोबद्दलही माझं मत असंच आहे. पक्ष्याचा फोटो ही गवाही असते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी हा पक्षी होता आणि मी तो पाहिला, एवढं ती सांगते. फोटो सुंदर आला तर अल्हमदुलिल्लाह. नाही आला तरी गवाही खरी हवी, आणि गवाहाला नीट दिसलेलं असावं. माझी सगळी सेटिंगं या एका गोष्टीवरून ठरतात.

खोट्या तारखेने काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा नव्हता. फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मारल्याचं सांगितलं होतं आणि तसं लेबल लावलेला नमुनाही दाखवला होता. पुढे अनेकांनी त्या लेबलावर विश्वास ठेवून शोध घेतला. पक्षी मिळाला नाही. मिळणार कसा? पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा निघालं ते असं: तो मुळात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवं लेबल लावलेला. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ते खोटं लेबल बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या लेबलांवरची गावं शोधत ते फिरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, झाडावर तो पिंगळा बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! सापडल्याबरोबर त्यांनी काय केलं असेल? व्हिडिओ घेतला, फोटो काढले. नुसतं "आम्ही पाहिला" म्हणून कोण ऐकणार होतं?

आता या रानपिंगळ्याला साध्या पिंगळ्यापासून वेगळं ओळखायचं तर डोकं बघावं लागतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. फोटोत उजेड जास्त पडून डोकं पांढरं फटक झालं, किंवा हात हलून ठिपके पुसले गेले, की दोन्ही सारखेच. मेळघाटात हा पक्षी आहे, आणि अकोला-अकोट ओलांडलं की मेळघाट आम्हाला फार दूर नाही. म्हणून शटर आणि उजेड या दोन गोष्टींना मी हौसेचा भाग समजत नाही.

शटरपासून सुरुवात करू. माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स आहे. ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५०. हाताची थरथर फोटोत दिसू नये म्हणून शटर निदान १/५०० हवं, हा जुना ठोकताळा. लेन्समध्ये व्हीआर किंवा आयएस असेल तर त्याहून हळू शटर चालेल, असं दुकानदार सांगतो. ते खरं आहे, पण अर्धंच. ती सोय तुमच्या हाताची थरथर सावरते, पक्ष्याची नाही. फांदीवर शांत बसलेला वेडा राघूसुद्धा दर दोन सेकंदांनी मान फिरवत असतो. बसलेल्या पक्ष्याला मी १/१००० देतो, उडणाऱ्याला १/२५०० च्या खाली शक्यतो जात नाही.

एवढा उजेड आणायचा कुठून, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. भर उन्हाचा एक सोपा हिशेब आहे. ॲपर्चर १६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ ४००, तर शटर १/४००. आपली लेन्स ५.६ पर्यंत उघडते, म्हणजे तीन पायऱ्या जास्त उजेड. शटर सरळ १/३२०० वर नेता येतं. पण भर उन्हात पक्षी सावलीत जाऊन बसतात, आणि जे दिसतात त्यांच्या अंगावर वरून पडलेलं ऊन चेहरा काळा करून टाकतं. फोटो काढायची वेळ सकाळची. जानेवारीत सूर्य नुकताच वर आलेला असताना उजेड या हिशेबापेक्षा तीनेक पायऱ्या कमी धरा. म्हणजे आयएसओ ४०० वर पुन्हा १/४००. मग आयएसओ १६०० करायचा आणि शटर १/१६०० ठेवायचं. लोक इथे घाबरतात. आयएसओ वाढवला की फोटो रवाळ होतो म्हणून १०० वरच अडून बसतात आणि घरी नेतात काय, तर गुळगुळीत, हललेला, नाव न सांगता येणारा पक्षी. रवाळ फोटोतून पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोतून येत नाही. यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.

माझी रोजची मांडणी अशी: मॅन्युअल मोड, शटर १/१६००, ॲपर्चर ५.६, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२००. फोकस सतत पाठलाग करणारा, ज्याला निकॉनवाले एएफ-सी आणि कॅननवाले एआय सर्व्हो म्हणतात. बाभळीच्या काटेरी फांद्यांत पक्षी असेल तर मधला एकच पॉइंट, मोकळ्या आभाळात असेल तर मोठा पट्टा. रॉ फाइल. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. आठवडाभर कावळ्यांवर सराव केला की बोटांना कळतं.

मीटरवर मात्र बोलायला हवं. कॅमेऱ्याचा मीटर हा वर्गातल्या प्रत्येकाला सरासरी गुण देणारा परीक्षक आहे. समोर पांढरं असो की काळं, त्याला सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. विजेच्या तारेवर कोतवाल बसलाय आणि मागे उजळ आभाळ आहे. मीटर आभाळाला राखाडी करायला जातो आणि कोतवालाचा कोळसा होतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, कधी अधिक दीडपर्यंत न्यायचं. उलट गायबगळा नुकत्याच नांगरलेल्या काळ्या शेतात उभा असेल तर मीटर ती काळी माती उजळवायला जातो आणि बगळ्याची पिसं जळून जातात. तिथे वजा एक. तोच बगळा जवळ येऊन त्याने पूर्ण चौकट भरली तर गणित पुन्हा उलटं, कारण आता मीटर त्यालाच राखाडी करू पाहतो. म्हणून "बगळ्यासाठी वजा एक" असं पाठ करू नका; चौकटीत जास्त जागा कुणी व्यापली आहे ते बघा. आणि संशय आला तर कमी उजेडाकडे झुका. काळ्यातून रॉ फाइलमधून थोडंफार परत काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातून काहीच येत नाही. (काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना हे अधिक-वजा चालत नाही. तिथे शटर प्रायॉरिटी घ्या.)

हे सगळं मला वर्गात किती उपयोगी पडतं, ते बुलबुलवरून सांगतो. उर्दू घेतलेल्या मुलांना इक्बालांची 'हमदर्दी' ही कविता माहीत असते. त्यात बुलबुल आणि जुगनू आहेत. आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर लगेच आपला बुलबुल येतो. काळं डोकं, त्यावर शेंडी, शेपटीखाली लाल, अंगणातल्या जास्वंदीवर भांडणारा. पण फारसीतून उर्दूत आलेला बुलबुल हा तो नव्हेच. तो म्हणजे इंग्रजीतला नाइटिंगेल, रात्री गाणारा, दिसायला साधा तपकिरी पक्षी. इक्बालांनी ही कविता विल्यम कूपर या इंग्रज कवीवरून घेतली, आणि कूपरच्या कवितेत नाइटिंगेलच आहे. आपल्याकडे रात्री गाणारा बुलबुल नाही, आणि शतकानुशतकं आपले शायर ज्याच्यावर लिहीत आले तो बहुतेकांनी पाहिलेला नाही. मी फळ्यावर हे समजावून सांगितलं असतं तर मुलं विसरली असती. मी फोटो दाखवला. लालबुड्या बुलबुलाचा फोटो काढताना अडचण अशी की डोकं काळंभोर आणि बूड लालभडक. डोक्यासाठी उजेड वाढवला तर लाल रंग पसरून त्याचा नुसता डाग होतो. सकाळचं ऊन पाठीमागून, पक्षी थोडा तिरका, कॉम्पेन्सेशन शून्य, मग रॉमध्ये सावल्या किंचित वर. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो हमारे घर का है. किताब का कैसा रहता?" किताबवाला मी तिला दाखवू शकलो नाही. तो इथे येतच नाही.

कॅमेरा गळ्यात घालून गावात फिरलं की प्रश्न येतातच. शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न मोजणीचा. समृद्धी महामार्ग आमच्या भागातून गेला तेव्हापासून शेताच्या बांधावर यंत्र घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे भूसंपादनाचाच, असं लोकांनी धरून ठेवलं आहे. "कोणता रोड आहे सर हा?" असं एकाने मला विचारलं, आणि मी टिटवी दाखवली तेव्हा त्याला वाटलं मी लपवतोय. अशा वेळी कॅमेऱ्याची पाठ त्याच्याकडे वळवायची आणि फोटो दाखवायचा. नाव विचारलं की पूर्ण नाव सांगायचं, शाळा सांगायची. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने लांब लेन्स घेऊन तलावाच्या भिंतीवर उभं राहताना ओळखपत्र खिशात ठेवलेलं बरं, हेही मी तरुण मुलांना सांगतो. चिडून नाही, बॅटरी चार्ज करा म्हणतो त्याच सुरात.

मोहल्ल्यातला प्रश्न वेगळा असतो. एका बुजुर्गांनी मला मशिदीबाहेर थांबवून विचारलं, "मास्टर, जानदार की तसवीरां निकालते फिरते क्या तुम?" यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. हाताने काढलेल्या चित्राचा नियम कॅमेऱ्यालाही लागू होतो, असं मानणारे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी मात्र म्हटलं होतं, की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं आहे, नवं काही घडवणं नाही. मी त्यांना फतवा सांगितला नाही, माझा तो अधिकारही नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हुदहुद दाखवला. हजरत सुलेमानांकडे सबाहून पक्की खबर घेऊन येणारा, आणि ती खबर आधी पडताळून पाहिली जाईल असं ज्याला सांगितलं गेलं, तो हुदहुद. सूरह नम्ल त्यांनी शेकडो वेळा पढली असेल. पडद्यावरचा मातकट तुरा, पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ये? ये तो ईदगाह के पीछे रोज फिरता." तसवीरबद्दलचं त्यांचं मत बदललं की नाही ते मी विचारलं नाही. तो फोटो जमिनीवर पालथं पडून काढलेला होता. जमिनीवरच्या पक्ष्याला उभ्याने फोटो काढला की फक्त पाठ आणि माती मिळते. लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणणं कुठल्याही बटणात नाही, पण मी त्यालाही सेटिंगच म्हणतो.

भाषेचा मास्तर म्हणून एक जाता जाता. आपण उर्दूत ज्याला कमरा म्हणतो तो पोर्तुगिजांकडून आला आणि कॅमेरा लॅटिनमधून इंग्रजीमार्गे. मूळ एकच, खोली. इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत छोट्या भोकातून येणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला, तो पुढे या डब्यापर्यंत पोचला. मुलांना हे आवडतं.

सलीम अलींची सुरुवातही एका "हा कोणता पक्षी?" या प्रश्नानेच झाली होती. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल का, असा प्रश्न घरात निघाला, आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. ती पीतकंठी चिमणी होती. त्या काळी पक्षी नक्की करायचा तर तो मारून आणावा लागे. आता तेच काम १/१६०० मध्ये होतं आणि पक्षी उडून जातो. पण त्यामुळे आपण सोवळे झालो असं समजू नये. घरट्यावरच्या फोटोसाठी आडोशाच्या फांद्या तोडणारे, मोबाइलवर नराचा आवाज वाजवून मादीला बोलावणारे मी पाहिले आहेत. असे फोटो कितीही तीक्ष्ण असले तरी मी वर्गात दाखवत नाही. पक्षिनिरीक्षकांच्या अनेक संस्था घरट्याचे फोटो घेतही नाहीत.

यावरून शेवटच्या सेटिंगवर येतो. ते कॅमेऱ्यात क्वचित आणि मोबाइलमध्ये हमखास असतं: लोकेशन. एरवी मी म्हणेन जागा नोंदवा. पण अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. जगात तो आता फार थोडा उरला आहे. नर गवतातून माणसाच्या उंचीइतका वर उसळतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. त्याच्या फोटोत जागेचा आकडा राहिला आणि तो फोटो मोबाइलवरून मोबाइलवर गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या गवतात मोटारसायकली असतात. म्हणून अशा पक्ष्याच्या वेळी लोकेशन बंद. जागा वहीत लिहायची आणि वनखात्याला किंवा अभ्यासकालाच सांगायची.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याच्या अब्बांनी मला मोबाइलवरचा फोटो दाखवला. ते दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. म्हणाले, "सर, घास में से उछलता, फिर वहीच बैठता. दिनभर यहीच करता." फोटोत हिरव्यावर एक काळपट रेघ होती. वर्णन ऐकून माझी छाती धडधडली. पण रेघेला मान नव्हती, चोच नव्हती, गळ्याखालचं पांढरं होतं की आभाळ होतं तेही कळत नव्हतं. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा पाऊस होता आणि गवत हलत नव्हतं. वहीत मी तारीख टाकून लिहिलं: अनोळखी, गवतातून उसळणारा, काळपट. तणमोर हा शब्द लिहिला नाही.

त्यांच्या मोबाइलमध्ये प्रो मोड आहे. मी त्यांना शटर १/१००० वर लावून दाखवलं, आयएसओ ऑटो, लोकेशन बंद. झूम ओढायचा नाही, जवळ जायचं नाही, बांधावर बसून राहायचं. उसळायला लागला तर फोटोच्या नादी न लागता व्हिडिओ सुरू करायचा, कारण तो पुन्हा उसळणार कधी हे आपल्याला माहीत नसतं आणि व्हिडिओतून एक स्वच्छ चौकट काढता येते. त्यांनी ते दोनदा माझ्यासमोर करून पाहिलं, बांधावरच्या कावळ्यावर.

गवताचा तो पट्टा जिरायती आहे, मालक मंगरूळपीरला राहतो. यंदा तिथे सोयाबीन पेरायचं की गवत तसंच ठेवायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.